खंडेनवमीचा नाकतोडा

आमच्या घरात दोन तेलं नांदायची आणि त्यांचं एकमेकांशी कधी पटलं नाही. एक करडीचं, देवाच्या दिव्याचं. ते अण्णा स्वतः घाण्यावरून आणायचे, सोवळ्याच्या कपाटात झाकून ठेवायचे, आणि अंघोळीशिवाय त्याला आईने हात लावलेलाही त्यांना खपत नसे. दुसरं तेल माझ्या हातांचं. काळं, जाड, साबणाला भीक न घालणारं. ते माझ्या सदऱ्याच्या बाहीवर असायचं, जेवायच्या पाटावर असायचं, आणि एकदा तर अण्णांच्या पंचांगात एकादशीच्या रकान्यावर माझा अख्खा अंगठा उमटला. त्या महिन्यात एकादशी कोणत्या दिवशी धरायची यावरून गल्लीत वाद झाला आणि अण्णांनी सगळं खापर माझ्या अंगठ्यावर फोडलं. आता ऐंशी ओलांडली तरी नखांच्या कडा काळ्याच आहेत. नातसून म्हणते, आजोबा, जेवायच्या आधी हात धुवा. मी म्हणतो, बाळ, हे लागलेलं नाही, मुरलेलं आहे.

अण्णा म्हणजे माझे वडील. सोलापुरात विणकरांच्या वस्तीला लागून आमची गल्ली, गल्लीच्या तोंडाशी लहानसं राममंदिर, आणि त्याची पूजा चार पिढ्या आमच्या घरात. सकाळची पूजा थोडी पुढेमागे झालेली चालायची, पण संध्याकाळचा दिवा चुकायचा नाही. प्लेगात गाव ओस पडलं, सगळे माळावर झोपड्या घालून राहिले, तेव्हा माझे आजोबा रोज दिवेलागणीला एकटे गावात येऊन दिवा लावून जात. ही गोष्ट मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती, की प्लेगाचा उंदीरसुद्धा मला ओळखीचा वाटायचा. गाभाऱ्यात बायकांनी जायची त्या काळी रीत नव्हती, थोरली बहीण अक्का लग्न होऊन वळसंगला गेलेली, म्हणजे अण्णांच्या मागे दिव्याला माणूस एकच. मी.

आणि मला तर आवाजाचं वेड. पहाटे गिरणीचा भोंगा झाला की अण्णांचं स्तोत्र सुरू व्हायचं, आणि त्याच्या मागोमाग शेजारच्या घराघरांतले हातमाग. खटक-खट, खटक-खट. आई चुलीपुढे भाकरी थापायची तीही नकळत त्याच ठेक्यावर. बाकीच्यांना तो नुसता गलका वाटे. मला त्यातून एखादा माग बिघडलेला असला की अंथरुणातूनच कळायचं. मी उठून सांगायचो, "आज नरसय्याच्या अव्वाचा माग लंगडतोय," आणि आई म्हणायची, "देवानं कान दिलेत रे तुला, पण ते स्तोत्राला का नाही लावलेस?"

नरसय्या माझा मित्र. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या घरातला, पण हाताने लोखंडाचा. गिरणीच्या दुरुस्तीखात्यात फिटर होता. आम्ही दोघं सुटीच्या दिवशी मोडीच्या बाजारात हिंडायचो, आणि तिथे एकदा भंगाराच्या ढिगाखाली मला ते इंजिन दिसलं. चार सिलिंडरचं, विलायती, पहिल्या लढाईच्याही आधीचं. कोण्या इनामदाराच्या मोटारीत ते जन्माला आलं होतं. इनामदार संपले, मोटार संपली, आणि इंजिन दुधनीकडे शेंगा फोडायच्या यंत्राला जुंपलं गेलं. तिथेही थकलं तेव्हा भंगारात आलं. नरसय्या म्हणाला, "रघू, हे मेलेलं हाय." मी फिरवायच्या दांड्याला हात घातला, अर्धा वळसा दिला आणि आत दाब धरल्याचा तो मऊसा विरोध हाताला लागला. मेलेलं इंजिन हात ढकलत नाही. मुंजीतली सोन्याची अंगठी बोटात होती, ती काढून दिली आणि इंजिन हातगाडीवर घालून आणलं. अंगठी घट्ट झाली म्हणून सोनाराकडे दिलीय, असं आईने अण्णांना परस्पर सांगून टाकलं. मी तिला तसं सांगायला लावलं नव्हतं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि स्वतःच ठरवलं.

गाडी बांधली ती नरसय्याच्या पडवीत. तिथे एक जुना खड्डामाग होता. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो, तसला. माग कधीच काढून टाकला होता, खड्डा तेवढा राहिला होता. आम्ही सांगाडा त्या खड्ड्यावर उभा केला आणि खाली उतरून आरामात काम करू लागलो. पुढे मुंबईच्या मोठ्या कारखान्यात गाडीखाली बांधलेला सिमेंटचा खड्डा मी पाहिला तेव्हा हसू आवरेना. गिरणीच्या भंगारातले दोन लांब लोखंडी पट्टे, मोडलेल्या सर्विस मोटारीचे, म्हणजे तेव्हाच्या प्रवासी बसचे, आस आणि चाकं, टांग्याची बैठक, रॉकेलच्या डब्यांचा पत्रा. छप्पर नाही, दारं नाहीत, चाकांवर चिखलपत्रे नाहीत. जे जे ओझं वाटलं ते ते काढून टाकलं, कारण मला नुसती चालणारी गाडी नको होती. मला पळणारी हवी होती. वाचनालयातल्या एका विलायती मासिकात शर्यतीच्या गाड्यांची चित्रं होती, ती मी इतकी पाहिली होती की पानं सैल झाली. आमची गाडी तयार झाल्यावर पुढून उंच, मागे निमुळती आणि चाकं बाहेर काढलेली अशी दिसू लागली. गल्लीने तिचं नाव ठेवलं नाकतोडा. ज्याने ठेवलं त्याला शाबासकी दिली पाहिजे.

एक खोड होती. रेडिएटर जागोजागी गळायचा. झाळ लावून दमलो. शेवटी नरसय्याची अव्वा, म्हणजे आजी, जी आम्हाला दिवसातून दहादा "पिच्चोळ्ळु" म्हणजे वेडे म्हणायची, ती सुताला लावायची खळ ढवळत बसली होती, तिथूनच म्हणाली, "मूठभर पीठ टाका त्यात. सुताची भोकं बुजतात, पत्र्याची नाय बुजणार?" ज्वारीचं पीठ टाकलं, इंजिन तापलं, पीठ शिजलं आणि गळती थांबली. त्या दिवसापासून नाकतोड्याच्या नाकाला आंबिलीचा वास येऊ लागला.

गाडी चालते म्हटल्यावर तिला बघायला हुसेन उस्ताद आले. शहरात मोटारदुरुस्तीचे दोन-तीनच कारखाने होते, त्यांतला एक त्यांचा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, इंजिनाला कान लावला आणि मला म्हणाले, "इंजनकू उमर नको पूछ बेटा. भूक पूछ. हवा, पेट्रोल, चिनगारी. तीनमें एक बी रूसी, तो इंजन रूसा. बस, इत्ताच इलम है." मग जाता जाता म्हणाले, "दसऱ्याके बाद मेरे पास एक जागा खाली है. आता क्या? नहीं तो दूसरेकू बोलता." मी तिथल्या तिथे हो म्हणालो. इंजिन कसं सुरू करायचं ते मला माहीत होतं, अण्णांशी कसं सुरू करायचं ते माहीत नव्हतं.

अण्णा जेवताना मौन पाळायचे. आपोष्णी घेतली की हात धुवेपर्यंत एक शब्द नाही. त्यामुळे घरातल्या सगळ्या अवघड गोष्टी त्यांना जेवतानाच सांगायची आम्हा मुलांची रीत पडली होती. त्यात सोय अशी, की सगळं बोलून होईपर्यंत ते मधे तोडू शकत नसत. गैरसोय अशी, की नंतर त्यांचं जेवण होईपर्यंत जीव टांगणीला. त्या दिवशी कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि वांग्याची भाजी होती. मी उस्तादांचं बोलणं सांगून टाकलं. अण्णा भाकरीचा एकेक तुकडा मोडत राहिले. भाकरी कडकडा मोडल्याचा आवाज मला त्या दिवशी फार झाला.

हात धुवून, पंच्याला पुसून ते म्हणाले, "रघू, काळे हात आणि देवाचा दिवा, दोन्ही एका माणसाकडून होत नाहीत. चार पिढ्या तो दिवा लागलाय. तुझ्या हौसेसाठी विझवू?"

"हौस नाही, अण्णा. मला दुसरं काही येत नाही. आणि हे येतं. गावात माझ्याइतकं फार कुणाला येत नाही."

हे मी खरंच असं म्हणालो. वय एकोणीस होतं आणि मला माझ्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. आई आतून म्हणाली, "अहो, एकदा बघा तरी त्याची गाडी."

अण्णांनी पंचा झटकून दांडीवर टाकला. मग म्हणाले, "बरं. बघतो. दसऱ्याला मला अक्काकडं सोनं द्यायला ने. सकाळची पूजा उरकून निघायचं आणि दिवेलागणीला देवळात हजर. वाटेत त्या लोखंडाला बैल लावावा लागला, नाहीतर दिवा चुकला, तर ते जिथं असेल तिथं सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी सोवळं नेसून गाभाऱ्यात यायचं. जमलं, तर जा तुझ्या उस्तादाकडं."

"पैज?"

"पैज जुगाऱ्यांची असते. ही बोली."

वळसंग म्हणजे अक्कलकोटच्या रस्त्याने पंधरा-सोळा मैल. मी मनात हसलो. नाकतोडा तेवढं अंतर उडीत काढील, अशी माझी खात्री होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या भागात त्या दिवशी जी शांतता पडायची तशी वर्षात कधी पडत नसे, कारण सगळे माग बंद. आदल्या संध्याकाळी धोटे, फण्या, कातऱ्या धुवून पुसून मांडायच्या, नवमीला त्यांची पूजा करायची, आणि एकदा हळद-कुंकू वाहिलं की दसरा उजाडेपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. राबणाऱ्या वस्तूला वर्षातून एक दिवस विश्रांती. अण्णा त्या दिवशी पंचपात्र घेऊन घरोघर मागांच्या पूजेला जात. त्यांची पद्धत अशी, की ज्याची पूजा केली त्याला तीर्थ द्यायचंच. मागाला, तराजूला, लोहाराच्या ऐरणीला, सगळ्यांना पळीभर तीर्थ. तीर्थाशिवाय पूजा म्हणजे बोलावून उपाशी पाठवणं, असं ते म्हणत.

आम्ही गाडी देवळापुढच्या अंगणात आणून उभी केली होती. नरसय्याने धीर केला. "अण्णा, मागाची पूजा करता, गाडीची नाय करणार का? हत्यारच हाय की ते."

लोकांदेखत नाही कसं म्हणणार? अण्णांनी गाडीला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नट आवळायचे माझे पाने एका पाटावर मांडून त्यांवरही फुलं वाहिली. मग उपरण्याची टोकं सावरत त्यांनी गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "हे पितं कुठून?"

मी आनंदाने फुललो. अण्णांनी माझ्या कामाबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. रेडिएटरचं झाकण दाखवलं. "इथं पाणी. आणि त्यात मूठभर ज्वारीचं पीठ, गळू नये म्हणून. शिजलंय आत."

"आणि खातं?"

"इथून." बैठकीच्या पुढे, गुडघ्यांच्या वर बसवलेली पेट्रोलची टाकी मी दाखवली. झाकण कसं फिरतं तेही दाखवलं. पेट्रोल खालच्या नळीने आपोआप इंजिनात उतरतं, आणि गाळ आत जाऊ नये म्हणून ती नळी मी तळापासून बोटभर वर बसवली आहे, हेही सांगितलं. अण्णा "हं" म्हणाले आणि पुढच्या घरी गेले. मी दिवसभर हवेत होतो.

दसऱ्याला पूजा आटोपून अण्णा आले, त्यांनीच पाटावरचे पाने उचलून माझ्या हातात दिले आणि कान-डोकं उपरण्याने घट्ट बांधून बैठकीवर बसले. मांडीवर आईने दिलेला पाण्याचा तांब्या आणि आपट्याच्या पानांची पुरचुंडी. रोज गाडी काढण्यापूर्वी टाकीचा तळ थोडा सांडून बघायचा, हा उस्तादांचा नियम. मी तो त्या दिवशी मोडला. टाकी अष्टमीला साफ केली होती, आणि नवमीला हत्याराला कुणी हात लावत नसतं. मग तिच्यात काय जाणार? दांडा फिरवला, नाकतोडा दुसऱ्याच झटक्याला गरजला, आणि गल्लीतली पोरं, कुत्री, कोंबड्या सगळी आपापल्या दारात पळाली.

ती जाणं मला आजही जसंच्या तसं आठवतं. अक्कलकोट नाका ओलांडला, दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी झाली, नुकती वर आलेली ज्वारी, तुरीची हिरवी उंच रांग. मी गाडी मोकळी सोडली. कुंभारीच्या पुढे सर्विस मोटार धूळ उडवत चालली होती. मी हॉर्न म्हणून लावलेला रबरी भोंगा पिळला आणि तिला मागे टाकलं. आतले लोक माना बाहेर काढून ओरडत होते. अण्णांकडे चोरून पाहिलं. डोळे बारीक, ओठ घट्ट, एक हात बैठकीच्या कडेला. पुढच्या ओढ्याशी तीव्र उतार होता, पलीकडे सौम्य चढ. तो चढून गेल्यावर रस्ता सरळ लागला तेव्हा अण्णा इंजिनाच्या वर आवाज काढून म्हणाले, "ह्यापेक्षा जास्त पळत नाही का?"

मी हसत सुटलो. त्या क्षणी मला वाटलं की बोली जिंकलीच.

अक्काच्या घरी तिचे सासरे अंगणातच भेटले. "बर्री बर्री," करून त्यांनी अण्णांना ओट्यावर बसवलं आणि पुढचा तासभर सगळं घर कानडीतून नाकतोड्याबद्दल बोलत होतं. पुरणपोळी, कटाची आमटी आणि वर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. अण्णांनी मौनात जेवण केलं, पण हुग्गी दोनदा घेतली. सोनं दिलं-घेतलं. अक्का गाडीत बसून गावाच्या वेशीपर्यंत आली आणि उतरताना माझ्या कानात म्हणाली, "आज अण्णा तरुण दिसताहेत रे." निघायला थोडा उशीर झाला, पण दिवेलागणीला भरपूर वेळ होता.

जाताना जो ओढ्याचा तीव्र उतार होता तो येताना चढ झाला. अर्ध्या चढावर नाकतोडा खोकला. एकदा, दोनदा. मग एक मोठा उसासा टाकून गप्प झाला. मी चाकाला दगड लावला, दांडा फिरवला. काही नाही. पुन्हा. काही नाही. प्लग काढून बघितले, ठिणगी होती. हवेची वाट मोकळी होती. सूर्य मावळतीला हातभर राहिलेला. सकाळी जिला मागे टाकलं होतं ती सर्विस मोटार आमच्या शेजारून गेली, आणि तिच्यातल्या एकानेही मौन पाळलं नाही.

मागून एक शेतकरी बैलगाडी घेऊन आला. त्याने गाडी थांबवली, खाली उतरून नाकतोड्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बंद पडली व्हय? लई चढ हाय ओ हा. बैलं जुपतो की. तुमी नुसतं ताट बसा, कुंभारीपतुर वडून सोडतो."

इतक्या चांगल्या मनाने केलेली मदत मला आयुष्यात इतकी जिव्हारी कधी लागली नाही. मी अण्णांकडे पाहिलं. ते पश्चिमेकडे बघत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि मला कळलं की बोली ते विसरले आहेत. त्यांना फक्त गाभाऱ्यातला अंधार दिसत होता. मी म्हणालो, "अण्णा, थोडा वेळ द्या. नाहीच झालं तर तुम्ही यांच्या गाडीतनं पुढं व्हा, कुंभारीत काहीतरी वाहन मिळेल, देवळात दिवा लावायला पोचाल. मी उद्या सोवळं नेसतो." मी रडत नव्हतो, पण फार लांबही नव्हतो.

शेतकरी म्हणाला, "ऱ्हातो की थांबून. मला कुटं दिवा लावायचाय."

हवा आहे, ठिणगी आहे. मग भूक. मी बैठकीपुढे वाकून टाकीखालचा सांधा पान्याने सोडवला. पेट्रोलची धार यायला हवी होती, आले दोन थेंब. नळीच्या तोंडात काहीतरी अडकलं होतं. अण्णांच्या हातातला तांब्या रिकामा करून खाली धरला, तारेने टोकरलं, आणि एक हिरवं-काळं पान धारेबरोबर तांब्यात पडलं. मागोमाग पाणी. पाणी आणि पेट्रोल एकत्र पडलं की पाण्याचे मणी तळाशी पळतात. तांब्याच्या तळाशी पाणीच पाणी होतं. रस्ता सपाट होता तोवर ते नळीच्या खाली निवांत पडून होतं. चढावर टाकी कलली आणि ते नळीत शिरलं.

पान मी बोटाने वर घेतलं. पाहताक्षणी ओळखलं. देवळात वाढलेल्या मुलाला ते ओळखायला काय लागतं? माझं डोकं असं तापलं की रेडिएटरला लाजवील. महिनोन्‌महिने त्या खड्ड्यात उभं राहून केलेलं काम, उस्तादांची जागा, माझं सगळं पुढचं आयुष्य, आणि त्यात कुणी... मी मान वर केली. अण्णा समोर उभे होते आणि माझ्या बोटांकडे बघत होते. सकाळी मला वेगाचं विचारणारा तो माणूस एकदम म्हातारा दिसत होता. माझा राग कुठे गेला ते मला आजवर कळलेलं नाही. मी मूठ मिटली आणि म्हणालो, "काही नाही. कचरा अडकला होता."

"कचरा म्हणू नकोस," अण्णा म्हणाले. "तुळस आहे ती."

शेतकरी बिचारा एकदा माझ्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिला.

"काल सगळे गेल्यावर घातलं. आधी तीनच पळ्या घातल्या. मग म्हटलं, एवढं मोठं पोट, तीन पळ्यांनी त्याचं काय होतंय? पंचपात्रच उपडं केलं."

"अण्णा, पाणी पिण्याचं तोंड दाखवलं होतं ना तुम्हाला! त्यात घातलं असतं तर काही झालं नसतं!"

"त्यात पीठ शिजवलंय तुम्ही. खरकट्यात तीर्थ घालतात का?" हे बोलताना त्यांचा जुना करारी आवाज क्षणभर परत आला. मग तो पुन्हा खाली गेला. "तू त्याच्यावर बसून जाणार होतास, रघू. माझं त्या लोखंडाशी काही देणंघेणं नाही. पण तू बसणार होतास."

मी तांब्या उचलला आणि रस्त्याकडेला उपडा करायला निघालो, तर अण्णांनी माझं मनगट धरलं. तीर्थ पायदळी जाईल. त्यांनी तांब्या माझ्याकडून घेतला, चढाच्या कडेच्या लिंबापर्यंत गेले आणि ते पेट्रोलमिश्रित तीर्थ बुंध्याशी सावकाश, मंत्र म्हणत ओतलं. माझ्या मुठीतलं तुळशीचं पान घेऊन डोळ्यांना लावलं आणि कानावर ठेवलं. पुढे कित्येक वर्षं त्या रस्त्याने जाताना मी त्या लिंबाकडे बघायचो. वाळला नाही.

घाईत सांधा पुन्हा बसवला, पण जुने आटे झिजलेले. थेंब थेंब गळायला लागला. "गळतंय," मी म्हणालो. "असं शहरापर्यंत पुरणार नाही." अण्णांनी डोक्याचं उपरणं सोडलं, बैठकीवर बसले, वाकून सांध्याभोवती ते गुंडाळलं आणि दोन्ही हातांनी आवळून धरलं. "चल."

दांडा फिरवला. नाकतोडा गरजला. शेतकऱ्याने बैलांना बाजूला घेत आरोळी ठोकली, "आरं तिच्या! जित्ती झाली की!" मी आयुष्यात पुढे कितीतरी चांगल्या गाड्या चालवल्या, पण त्या संध्याकाळसारखी एकही नाही. शेजारी गुडघ्यांत डोकं घालून बसलेले अण्णा, हातांतून पेट्रोल झिरपतंय, आणि मधूनमधून खालूनच विचारताहेत, "दिसतोय का अजून?" म्हणजे सूर्य. मी ओरडून सांगायचो, "दिसतोय!" तो दिसायचा बंद झाल्यावरही दोनदा तसंच सांगितलं. कुंभारीजवळ सर्विस मोटारीला पुन्हा मागे टाकलं. या खेपेला मी भोंगा वाजवला नाही, हात मोकळा नव्हता. तापल्या इंजिनापाशी पेट्रोलचा तो बोळा धरून आम्ही आलो हे आठवलं की आज माझ्या अंगावर काटा येतो. माझ्या कारखान्यात कुणी असं केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता.

आम्ही देवळापाशी आलो तेव्हा कुंकवाएवढा उजेड आभाळाच्या कडेला शिल्लक होता. नरसय्या घंटेची दोरी धरून उभा, गल्लीतली माणसं वाट बघताहेत, आई ओसरीच्या खांबाला टेकलेली. अण्णा चपला टाकून तसेच गाभाऱ्यात गेले, समईत तेल होतं, वात होती. त्यांनी काड्यापेटी उचलली आणि मी उंबऱ्यावरून किंचाळलो, "काडी ओढू नका! हात पेट्रोलचे आहेत, भडका होईल!"

अण्णा थांबले. दोन्ही हात समोर धरून त्यांनी पाहिले. कोपरापर्यंत ओले, उपरणं निथळतंय. विहिरीवर जाऊन येईपर्यंत काळोख झाला असता. ते वळले आणि काड्यापेटी पायरीवर ठेवून लांब सरकले.

"तू लाव."

"माझे हात बघा, अण्णा. आणि अंघोळ नाही, सोवळं नाही..."

"बघितलेत. लाव."

मी आत गेलो. काडी ओढली, वात धरली, आणि वात सारखी करताना समईच्या मानेवर माझा काळा अंगठा उमटला. बाहेर घंटा सुरू झाली. अण्णांनी दुरूनच हात जोडले होते. आरती झाली, लोक पांगले, मग ते माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "बैल लागले नाहीत."

"नाही लागले."

"दिवाही लागला. बोली ती बोली. उद्या उस्तादाकडं जा. जाताना नारळ ने." मग समईकडे बघत म्हणाले, "दिव्याचं मी बघतो. हात चालतायत तोवर."

चालले, पुढे बावीस वर्षं. त्यांच्या मागे, तेव्हा पाळण्यात असलेला माझा एक लांबचा चुलतभाऊ पूजेला आला. समईवरचा तो ठसा अण्णांनी पुसला नाही. दर नवमीला माझ्या कारखान्यात ते पूजेला येत, गाडीच्या टपावर मोजून एक पळी तीर्थ शिंपडत आणि झाकणांना हात लावत नसत.

त्या रात्री जेवायला बसलो. अण्णांनी विहिरीवर राख-चिंचेने हात घासले होते, तीनदा अंघोळ केली होती, तरी वास जात नव्हता. आई वाढायला वाकली, थबकली आणि त्यांच्या हाताकडे बघत म्हणाली, "अहो, हा वास कसला येतोय तुमच्या हातांना?"

"तीर्थाचा," अण्णा म्हणाले, आणि आपोष्णी घेऊन त्यांनी मौन धरलं.